कापसाच्या दोन काड्या

काल्हेर,
१२ जानेवारी २०२५

मेघाली,

…आणि नाकावरून काहीच प्रूव्ह होत नाही. त्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात आपलं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितेय. तू म्हणालीस, "माझं नाक बघ आन घरी जाऊन गुरुजींचं बघ." मी घरी येऊन बघितलं. पप्पा पेपर वाचत होते. आहे थोडंसं तसं. पण तसं नाक आमच्या सोसायटीच्या वॉचमनचंही आहे. मग त्यालाही सांगू का, ठोक दावा?

हे सगळं मी मेसेजवरच सुनावलं असतं. पण आमच्या वकिलांनी घरात सगळ्यांना दम दिलाय. समोरच्या पार्टीला फोन नाही, मेसेज नाही, स्क्रीनशॉट डायरेक्ट कोर्टात जातात. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. तुझ्या गोडाउनचा पत्ता दाव्याच्या कागदात होता, गाळा नंबरसकट.

माझी शाळा इंग्लिश मीडियम, त्यामुळे बोलते तसंच लिहिणार. चुका काढू नकोस.

तर मी तनया. वय वीस. पप्पांची एकुलती एक मुलगी. "एकुलती एक" मी मुद्दाम लिहिलंय, परत वाच. वीस वर्षं मला पप्पा कोणाशी वाटून घ्यावे लागले नाहीत, आणि आता चोवीस वर्षांची एक मुलगी कोर्टात उभी राहून म्हणते की मी पहिली. पप्पांनी जबाबात स्पष्ट लिहिलंय, "मी या मुलीस ओळखत नाही." ते शिक्षक आहेत. खोटं बोलणाऱ्या मुलांना ते बाकावर उभं करतात.

जज साहेबांनी तुम्हा दोघांची डीएनए टेस्ट करायला सांगितलीय. पप्पा अजून हो म्हणाले नाहीत. आई तर नाहीच म्हणते. "रक्त द्यायचं नाही. आज हिच्यासाठी मागतायत, उद्या आणखी कुणासाठी मागतील." आई जेलस आहे. माझ्यासारखीच.

म्हणून माझं प्रपोजल. मी बायोटेकच्या लास्ट इयरला आहे आणि हा माझा अगदी आवडता टॉपिक आहे. पप्पांना मध्ये आणायची गरजच नाही, तू आणि मी पुरे. मुलीकडे दोन एक्स क्रोमोसोम असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. बापाकडे मुळात एकच असतो. त्यामुळे तो प्रत्येक मुलीला तोच देतो, जसाच्या तसा. म्हणजे बाप एक असेल तर तो एक्स तुझ्यात आणि माझ्यात, दोघींत सापडायलाच हवा. नाही सापडला तर बाप एक नाही. विषय संपला. किती सुंदर आहे ना हे? गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बास. प्रायव्हेट लॅब आहे, रिपोर्ट कोर्टात चालत नाही, पण आपल्याला तर कळेल.

नाही जुळलं तर तू दावा मागे घ्यायचास. जुळलं तर काय, याचा मी विचार केलेला नाही, कारण जुळणार नाही.

उत्तर भाविक झेरॉक्सच्या पत्त्यावर पाठव, पाकिटाच्या मागे लिहिलाय. भाविक माझ्या वर्गात आहे, पाकीट फोडणार नाही.

तनया


पूर्णा,
२१ जानेवारी

तनया मॅडम,

तुझं पाकीट सुपरवायझरनं सगळ्यांसमोर आणून दिलं. ह्या गोडाउनातून रोज हजार पाकिटं जातात, माझ्या नावाचं आलेलं हे पयलंच. हौसा बोलली, "लव्ह लेटर काय गं? वजन तर बरंच हाय." हौसा माझ्या बाजूच्या टेबलाला पॅकिंग करते. तिच्यापासून काय लपत न्हाय, सुपरवायझरचं पन न्हाय.

मी शाळेत शुद्ध लिहायची, पयला नंबर यायचा. तुझ्यासाठी शुद्ध लिहायचा मूड न्हाय.

वॉचमनला खुशाल दावा ठोकू दे. पन आधी त्याला विचार, कोन मास्तर त्याच्या आईला लग्नाचं बोलून बदली घेऊन गेला व्हता काय. आमचं गाव वज्रेश्वरीच्या पुढं. गुरुजींची पयली नोकरी तिथं. आमच्याच घराची पुढची खोली त्यांना दिलेली. माझी आई गोदू त्यांचा डबा करायची. पुढचं तुला शास्त्रात शिकवलं असेल.

शाळेत घालताना बापाच्या जागी काय लिहायचं म्हणून आजोबांनी स्वतःचं नाव दिलं, राघो. तेच आधारवर, तेच बँकेत. म्हणजे कागदावर मी माझ्या आईची बहीण हाय. हसू नको. मी पन हसायची, मंग एक दिवस हसू येईना. पोटगी मागितली न्हाय मी, कागद परत वाच. मला खरं नाव पायजे. आन माझी आई खोटी न्हाय, हे कोनीतरी खुर्चीवर बसून मोठ्यानं बोललं पायजे.

तुझ्या एक्सचं निम्मं समजलं. करते मी. दावा मागं घ्यायचं मात्र बोलत न्हाय. आन माझी एक अट हाय. काडीच्या बदल्यात मला एक दिवस पायजे. तुझ्या पप्पांबरोबरचा तुझा एक पुरा दिवस लिहून पाठव, सकाळपासून. खरा.

मेघाली


काल्हेर,
२७ जानेवारी

मेघाली,

विचित्र अट आहे, पण चालेल. किट सोबत आहे. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. दोन्ही काड्या तीस-तीस सेकंद गालाच्या आत घासायच्या, वाळवायच्या, मग कागदी पाकिटात. फॉर्मवर सही. तुझ्या दोन, माझ्या दोन. माझ्या मी कालच घेतल्या. प्रयोगात एक सॅम्पल असं ठेवतात ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं, आणि दुसरं त्याच्याशी ताडून बघतात. त्याला कंट्रोल म्हणतात. इथे कंट्रोल मी.

आता दिवस. मी सहावीत असतानाचा रविवार. सकाळी चहा. पप्पा बशीत खारी मोडतात आणि पहिला तुकडा मला देतात, अजूनही. मग ते मला सायकल शिकवायला गोडाउनांच्या मागच्या रस्त्यावर घेऊन गेले. रविवारी तिथे ट्रक नुसते उभे असतात, ड्रायव्हर लोक बादलीने अंघोळी करत असतात. पप्पा सीट धरून मागे धावत होते. त्यांची चप्पल तुटली. ते अनवाणी धावले, पण सीट सोडली नाही. सगळे ड्रायव्हर टाळ्या वाजवत होते. दुपारी श्रीखंड-पुरी. संध्याकाळी त्यांनी माझ्या गुडघ्याला हळद लावली आणि म्हणाले, "माझी एकच तर पोरगी, तीही धडपडी."

'एकच' म्हणाले बरं का. मी नाही लिहिलं ते.

फक्त एक गोष्ट त्यांनी मला शिकवली नाही, पोहणं. ते पाण्याला घाबरतात. आम्ही अलिबागला गेलो तरी ते किनाऱ्यावर चपला सांभाळत बसतात.

आणि हो, पप्पा रक्त द्यायला तयार झाले. जज साहेब म्हणाले, नाही दिलंत तर जबरदस्ती करणार नाही, पण नाही देण्याचा काय अर्थ काढायचा तो आम्ही काढू. आई त्या दिवसापासून पप्पांशी जेवताना बोलत नाही.

तनया


पूर्णा,
९ फेब्रुवारी

तनया,

काड्या पाठवल्यात. जेवणाच्या सुट्टीत काम उरकलं. हौसा बोलली, "अगं बाई, करोना परत आला काय?" तिला सगळं सांगायला लागलं. ऐकून बोलली, "ह्या काडीनं बाप सापडतो? मंग माझा नवरा कुठं बसलाय ते पन बघ ना."

तुझा दिवस वाचला. चारदा वाचला. बरा लिहिलास. टेबलावर खारीचा पुडा आला व्हता, कोनाचा तरी वाढदिवस. मी घेतली न्हाय.

पन एक सांगू? पाण्याला घाबरतात?

मला त्यांनीच पोहायला शिकवलं. तानसा नदीत. बदली झाल्यावर पन ते दर मे महिन्यात यायचे, दोन दिवस. मी पाच वर्षांची व्हते तेव्हापासून आठ वर्षांची हुईपर्यंत. पोटाला कोरडा भोपळा बांधायचे आन हात खाली धरून चालत राहायचे. मंग सांगायचे की हात काढलाच न्हाय, आन हात केव्हाच काढलेला असायचा. ते स्वतः ह्या काठावरून त्या काठाला जायचे, डोकं वर न काढता. मी मोजायची, कितीत निघतात. एकदा चाळीस झाले तरी निघेनात, मी रडले. ते मागून येऊन बोलले, "इतक्यात रडायचं नाही."

नवव्या वर्षी आले न्हाईत. तू तेव्हा चार-पाच वर्षांची असशील. तुझ्या आईला कळलं असेल, न्हायतर तुझा वाढदिवस मे मध्ये असेल. कधी असतो?

तू एकुलती एक लिहून दाखवतेस ना, तर हे पन परत वाच.

मेघाली


काल्हेर,
१२ मार्च

मेघाली,

रिपोर्ट आला! आधी तोच सांगते, म्हणजे तुझ्या नदीचा निकाल आपोआप लागेल.

लॅबने एक्सवरच्या बारा जागा तपासल्या. बाप एक असता तर बाराही ठिकाणी तुझ्या-माझ्यात काहीतरी समान सापडलं असतं. पाच ठिकाणी काहीच समान नाही. एखादी जागा चुकू शकते, पाच नाही. खाली लिहिलंय, दोन्ही सॅम्पल एकाच वडिलांच्या मुलींची असू शकत नाहीत. कॉपी जोडली आहे, लाल पेनाने मी गोल केलेत.

मी भाविकच्या दुकानातच उडी मारली. त्याला वाटलं मला प्लेसमेंट मिळाली.

खरं सांगू? तुझं मागचं पत्र वाचून मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. माझा वाढदिवस मे मध्येच असतो. पप्पा मे मध्ये दोन दिवस 'पेपर तपासायला' जायचे, असं आई एकदा म्हणाल्याचं मला आठवायला लागलं. मग मी पप्पांना विचारलं, "तुम्हाला पोहता येतं?" ते म्हणाले, "का गं?" 'का गं' म्हणजे नाहीच ना? ज्याला येतं तो हो म्हणेल. आणि जो बाप मला तुटक्या चपलेने सायकल शिकवतो, तो पोहायला दुसरीलाच का शिकवेल?

पण आता रिपोर्ट आहे. तुझ्या नदीत जे कोणी होते, ते माझे पप्पा नव्हते. तुझ्या आईबद्दल मी काही वाईट लिहिणार नाही. कदाचित तिची चूक झाली असेल, माणूस ओळखण्यात.

तू डील केलं नव्हतंस, माहितीय. तरी दावा मागे घे ना. प्लीज.

तनया


पूर्णा,
२० मार्च

तनया,

माझी आई सगळ्या गावाची गुरं एकटीनं ओळखायची, पाठीवरून. माणूस ओळखता येत न्हाय असं न्हाय.

तुझा कागद तुझ्याजवळ ठेव. सरकारी कागद येऊ दे.

ठाण्याला सिव्हिल हॉस्पिटलात आमचं रक्त घेतलं. तुला घरी सांगितलं असेल, न्हायतर नसेल सांगितलं. एका बाकड्यावर मी, एकावर गुरुजी, मधी कोर्टाचा माणूस आन दोन पंच. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं न्हाय. केस पिकलेत. माझी पाळी आली. मी सुईला घाबरते, हात आपोआप मागं जातो. सिस्टर ओरडली. तेव्हा गुरुजी भिंतीकडं बघत बोलले, एकदम हळू, "सुईकडे बघू नकोस, खिडकीकडे बघ."

कोर्टाच्या माणसानं ते लिहून घेतलं न्हाय. मी लिहून ठेवलं.

तुझ्यावर रागावले न्हाय. तू खूश हायस तर राहा. निकालापर्यंत आता पत्र नको.

मेघाली


काल्हेर,
२६ जून

मेघाली,

निकालापर्यंत नको म्हणालीस, म्हणून थांबले. आता काल निकाल झाला आणि तू समोर होतीस, पण मी तशीच जिना उतरून गेले.

कोर्टात रिपोर्ट वाचला तेव्हा मी मागच्या बेंचवर होते. प्रभाकर हे मेघालीचे जैविक वडील आहेत. जज साहेबांनी विचारलं, काही म्हणायचंय? पप्पा उठले आणि नुसतं "नाही" म्हणाले. मग परत उठून म्हणाले, "गोदू खरं बोलत होती." तुझ्या आईने पदर तोंडाला लावला. माझी आई तेव्हा बाहेर निघून गेली होती.

मला वाटलं होतं असं काही झालं तर मी पप्पांवर चिडेन. खोटं बोलले म्हणून, पोहण्यासाठी, त्या खिडकीसाठी. ते खिडकीचं वाक्य माझं आहे. माझ्या प्रत्येक इंजेक्शनला ते तेच म्हणतात. तुझं पत्र आलं तेव्हा मला ते तुझ्या हातातून ओढून घ्यावंसं वाटलं होतं. पण चिडायला वेळच मिळाला नाही. मी बेंचवर बसून गणित करत होते.

पप्पा तुझे आहेत. सरकारी लॅबने सांगितलं. तू आणि मी एका बापाच्या नाही. माझ्याच लॅबने सांगितलं, मीच लाल गोल केले. दोन्ही रिपोर्ट खरे असतील तर पप्पा माझे नाहीत.

मी कंट्रोल होते ना. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. माझ्याकडे कोणी बघितलंच नाही, मी सुद्धा नाही.

आई जानेवारीत म्हणाली होती, "उद्या आणखी कुणासाठी मागतील." मी तुला लिहिलं, आई जेलस आहे. आता तिच्याकडे बघितलं की ते वाक्य ऐकू येतं आणि मी पाणी प्यायला उठते.

मी वकिलांना सहज विचारल्यासारखं विचारलं, लग्नानंतर झालेल्या मुलांचं काय असतं? ते म्हणाले, "लग्नात झालेलं मूल नवऱ्याचंच, कायदा तसंच धरून चालतो. कोण कशाला तपासतंय?" म्हणजे तुला त्यांची व्हायला रक्त द्यावं लागलं, आणि मला कोणी सुई टोचणारसुद्धा नाही. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला तुझा हेवा वाटला. तुझ्याकडे शिक्का आहे.

मी सगळीकडून विचार केलाय. लॅबमध्ये तुझी-माझी पाकिटं उलटसुलट झाली असतील? झाली तरी फरक नाही, ताडायचं आपल्या दोघींनाच होतं. मग एकच वाट उरते. दोघींपैकी एकीच्या काड्या दुसऱ्याच कोणाच्या असतील तर. माझ्या मी आरशासमोर घेतल्या. उरल्या तुझ्या.

आता मी खरं सांगते, म्हणजे तूही सांगशील. सायकल मला पप्पांनी शिकवली नाही. आईने शिकवली. चप्पल आईची तुटली. खारीचा पहिला तुकडा पप्पा स्वतः खातात, दुसरा मला देतात. तू खरा दिवस मागितलास आणि मी तुला जळवण्यासाठी बनवून पाठवला.

आता तू सांग ना. तू चीटिंग केलीस ना? मी चिडणार नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी फसवलेलं हवंय.

तनया


पूर्णा,
३ जुलै

तनया,

हो.

त्या काड्या हौसाच्या व्हत्या. पाकिटात घातल्या मी, सही माझी, गाल तिचा. तिनं अर्धा तास चहा सोडला, त्याचे उपकार अजून मोजून दाखवते.

का केलं ते पन लिहिते. मी घाबरले. आयुष्यभर आईच्या शब्दावर चालत आलेली. तुझी काडी न्हाय बोलली असती तर कोर्टाच्या तारखेपर्यंत मी जगले कशी असते? सरकारी कागदाला सामोरं जायला एकदाच धीर गोळा केला व्हता, दोनदा पुरला नसता. म्हणून म्हटलं, जाऊ दे हौसाचा गाल. तिच्या बापाचं तिला माहीत हाय, शहापूरला रिक्षा चालवतो, तुझ्या पप्पांशी काय संबंध? जुळणार नव्हतंच. म्हणून तुझे लाल गोल बघून मी शांत व्हते. तू विचार केला न्हाईस, एवढी शांत कशी?

फाडून टाक तो कागद.

आन एक. तुझा दिवस वाचून मी जळले, हे खरं. मी रोज गणित करायची की जिंकले तर तुझ्यातलं काहीतरी माझ्याकडं येईल. त्या दिवशी कागद हातात घेऊन कोर्टातून बाहेर आले, आई रडत व्हती, वकीलबाई पाठ थोपटत व्हती. गुरुजी समोर उभे. आता तरी बघतील असं वाटलं. ते माझ्या खांद्यावरून मागं बघत व्हते, तू कुठं हायस ते. शिक्का माझ्याकडं हाय, तू बोलतेस. त्या शिक्क्याला डोळे न्हाईत.

सायकलचं खोटं व्हतं हे वाचून बरं वाटलं. देवाशपथ, बरं वाटलं.

मेघाली


काल्हेर,
११ जुलै

मेघाली,

तुझं पत्र मी भाविकच्या दुकानात उभ्याने वाचलं आणि 'हो' एवढ्या एका शब्दावर खाली बसले. त्याने मला ग्लुकोजचं पाणी दिलं. मग मी दोन दिवस इतकी खूश होते की आईला मिठी मारली. ती म्हणाली, "काय झालं गं?" आणि तिने मला सोडलंच नाही, कढईतलं सगळं करपलं.

तिसऱ्या दिवशी परत गणित सुरू झालं.

तू जे लिहिलंस ते अगदी पटण्यासारखं आहे. भीती, धीर एकदाच, हौसाचा गाल, सगळं. मी तुझ्या जागी असते तर अशीच घाबरले असते. पण मी तुझ्या जागी असते, आणि समोरून कोणी मला 'सांग ना, तू चीटिंग केलीस ना' असं गयावया करून लिहिलं असतं, तर मी काड्या माझ्याच असूनही 'हो' लिहिलं असतं का? हे मला कळत नाही. मी नसतं लिहिलं बहुतेक. मी लाल गोल काढणारी आहे. तू लिहिलं असतंस, असं मला वाटतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त जळजळ होते. नाकाची नाही, नदीची नाही, याची. कारण मग पप्पा मला तुझ्याकडून मिळाले. तू दिलेस म्हणून आहेत.

आणि तू खरं बोलत असशील तर मी हा सगळा विचार करून तुझा अपमान करतेय. तेही शक्य आहे. म्हणूनच डोकं फुटायची वेळ आलीय.

काल पप्पा माझ्या खोलीत आले. टेबलावरची वही उगाच सरळ केली, शाळेत करतात तशी. म्हणाले, "रविवारी वज्रेश्वरीच्या पुढे जाऊन येईन म्हणतो. राघोआजोबांचे पाय धरायचेत. गोदूने दारात उभं केलं तर उभा राहीन." मग म्हणाले, "तू येशील का बरोबर? एकट्याने जायला भीती वाटते." म्हणजे तुझ्याकडे येताना सुद्धा त्यांना मी पाहिजे. हे तुला मुद्दाम सांगतेय असं समज. थोडंसं आहेच मुद्दाम. तू शिक्क्याचं लिहिलंस म्हणून पण आहे.

आता खरी गोष्ट. मी दुसरी किट मागवलीय. कपाटात माझ्या स्वेटरखाली आहे. या वेळी पप्पा आणि मी, सरळ. पप्पा दुपारी जेवून आरामखुर्चीत झोपतात, तोंड उघडं टाकून, घोरत. काडी फिरवली तरी कूस बदलतील फक्त. तीस सेकंदांचं काम आहे, आणि तीन आठवड्यांत मला नक्की कळेल, तुझं खरं का खोटं, आईचं ते वाक्य कशासाठी होतं, सगळं. मला कळून घ्यायला आवडतं. लहानपणापासून आवडतं. न कळता राहणं मला येतच नाही, कोणी शिकवलंच नाही.

आज दुपारी मी किट घेऊन त्यांच्या खुर्चीपर्यंत गेले होते. चष्मा नाकावर घसरला होता. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि परत आले. किटचं सील अजून तसंच आहे.

कोर्टाने मला काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. आईला मी विचारू शकत नाही. पप्पांना विचारलं तर ते 'का गं' म्हणतील. म्हणून तुलाच विचारते. काड्या हौसाच्या होत्या का, हे नाही विचारत. ते तू एकदा सांगितलंस, दुसऱ्यांदा विचारणार नाही.

आम्ही रविवारी सकाळी निघतोय. तोपर्यंत उत्तर येणार नाही, माहितीय, तिथे भेटल्यावर सांग. तू माझ्या जागी असतीस, घरात पप्पा आहेत, कपाटात किट आहे, आणि तुझ्याकडून आलेला 'हो' हातात आहे, तर तू ते सील फोडलं असतंस का?

तनया